नाव उघडे, आकडा झाकलेला : सार्वजनिक आरोग्याच्या नोंदींचे कायदे आणि रुग्णाची गोपनीयता (चामोर्शी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

सारांश

रोग व मृत्यू यांची माहिती शासनाला कळविण्याचे कायदेशीर कर्तव्य आणि रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे कर्तव्य ही दोन्ही आधुनिक आरोग्यव्यवस्थेची अंगे मानली जातात. इतिहासात मात्र ती एकाच वेळी जन्माला आलेली नाहीत. कळविण्याचा कायदा एकोणिसाव्या शतकातच आला. गोपनीयतेचा कायदा पुढे एकेका रोगाच्या निमित्ताने, तुकड्यातुकड्याने आला. प्रस्तुत शोधनिबंधात या विकासक्रमाचा आढावा चामोर्शी व एकूण गडचिरोली-चंद्रपूर वनप्रदेशाच्या संदर्भात घेतला आहे. व्यक्तीचे नाव उघडे आणि समाजाचा आकडा झाकलेला, असा उलटा व्यवहार दीर्घकाळ चालत आला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : जन्म-मृत्यू नोंदणी, साथरोग कायदा, गोपनीयता, बालमृत्यू, सिकलसेल, चामोर्शी, गडचिरोली.

१. प्रस्तावना

वैनगंगेच्या काठावरील मार्कंडादेव येथील प्राचीन मंदिरसमूहामुळे चामोर्शी तालुका इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. आरोग्याच्या इतिहासाच्या दृष्टीनेही हा परिसर तितकाच बोलका आहे. मराठी भाषक शेतकरी, गोंड आदिवासी आणि फाळणीनंतरच्या पुनर्वसनातून येथे वसलेली बंगाली कुटुंबे अशी येथील लोकवस्ती संमिश्र आहे. तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण रुग्णालय, त्याभोवती प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे, आणि गावात आशा स्वयंसेविका अशी शासकीय आरोग्यसेवेची साखळी आहे. या साखळीच्या प्रत्येक कडीशी एक नोंदवही असते. गरोदर मातेची नोंद, तापाच्या रुग्णाच्या रक्तनमुन्याची नोंद, क्षयरुग्णाची नोंद, बालमृत्यूची नोंद अशा असंख्य नोंदी खालून वर जात असतात.

या नोंदी कोणत्या कायद्याने कराव्या लागतात, त्यातील माहिती कोणाची असते, ती कोणी पाहावी आणि कोणी पाहू नये, हे प्रश्न सहसा विधी किंवा वैद्यक शाखेचे मानले जातात. वस्तुतः ते इतिहासाचेही प्रश्न आहेत, कारण आजच्या नोंदवहीतील प्रत्येक रकान्यामागे एखादी साथ, एखादा खटला किंवा एखादे आंदोलन उभे आहे. कायद्यांच्या तरतुदी, न्यायालयीन निवाडे आणि गडचिरोली जिल्ह्यातील प्रसिद्ध झालेले आरोग्यसंशोधन यांच्या आधारे या इतिहासाची मांडणी करणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

२. कोतवालाची खबर

नागपूरचे भोसले राज्य १८५४ साली खालसा झाल्यावर चांदा प्रदेश इंग्रजी अंमलाखाली आला आणि १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात समाविष्ट झाला. मध्य प्रांतात जन्म व मृत्यू यांची खबर गावच्या कोतवालाने पोलीस ठाण्यात द्यावी, अशी पद्धत होती. या व्यवस्थेची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्याजोगी आहेत. पहिले असे की, मृत्यूची नोंद हा आरोग्यखात्याचा नव्हे तर पोलिसांचा विषय होता. मृत्यूची खबर म्हणजे ठाण्याची खबर, हे समीकरण गावकऱ्यांच्या मनात रुजण्यास एवढे पुरेसे होते. दुसरे असे की, मृत्यूचे कारण सांगणारा मनुष्य वैद्यकीय शिक्षण नसलेला गावकामगार होता. म्हणून त्या काळातील तक्त्यांत बहुसंख्य मृत्यू ‘ताप’ या एकाच मथळ्याखाली जमा होत. हिवताप, न्यूमोनिया, बाळंतरोग, क्षय हे सारे त्या एका शब्दात सामावले जात.

या व्यवस्थेत गोपनीयतेचा विचारच नव्हता आणि तो असण्याचे कारणही नव्हते. ज्या गावात मृत्यू झाला त्या गावाला तो ठाऊकच असे. प्रश्न होता तो गावाबाहेरच्या सत्तेला तो कळण्याचा. नोंद ही लोकांच्या उपयोगासाठी नसून सरकारच्या माहितीसाठी आहे, ही धारणा येथेच तयार झाली. नोंद देणाऱ्याला तिच्या मोबदल्यात काहीही मिळत नसल्याने ती अपुरी राहणे स्वाभाविक होते.

३. १८९७ : प्लेग आणि कळविण्याची सक्ती

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा भारतीय आरोग्यविषयक विधिनियमांत सर्वांत दीर्घायुषी ठरला. साथीच्या प्रतिबंधासाठी आवश्यक वाटतील ते तात्पुरते नियम करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. नियम मोडणाऱ्यास तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा ठरवली आणि सद्‌भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना खटल्यांपासून संरक्षण दिले. रुग्णाला मात्र कोणतेही संरक्षण दिले नाही. त्याचे नाव, घर, देह यांपैकी कशाच्याही खाजगीपणाचा उल्लेख त्यात नव्हता.

पुण्यात या अधिकारांचा वापर कसा झाला, हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. घरोघरच्या झडत्या, रुग्णांना सक्तीने हलवणे आणि स्त्रियांची तपासणी यांतून उसळलेला क्षोभ २२ जून १८९७ रोजी रँडवरील हल्ल्यापर्यंत पोहोचला. आरोग्याच्या इतिहासाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा परिणाम वेगळा होता. लोक रुग्ण लपवू लागले. कळविण्याची सक्ती जितकी कठोर, तितकी खरी माहिती दुर्मिळ, हा अनुभव त्या वर्षी प्रथम एवढ्या मोठ्या प्रमाणावर आला. पुढील सव्वाशे वर्षांत तो वारंवार आला.

याच कायद्याखाली मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कोविड-१९ संबंधीचे नियम जारी केले. त्याच महिन्यात गृहविलगीकरणातील व्यक्तींच्या हातावर शिक्का मारण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी कायद्यात जी दुरुस्ती झाली, ती प्रामुख्याने आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना शिक्षा करण्यासाठी होती. ती आवश्यकच होती, यात शंका नाही. परंतु रुग्णाच्या माहितीविषयी १८९७ चा कायदा बाळगत असलेले मौन त्या दुरुस्तीनेही भंगले नाही.

४. स्वातंत्र्योत्तर चौकट : १९६९ चा नोंदणी कायदा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यसूचीत आहे, तर जन्म-मृत्यूच्या नोंदणीसह जीवनविषयक सांख्यिकी समवर्ती सूचीत आहे. या विभागणीमुळे रुग्णसेवा राज्याची, मृत्यूच्या नोंदणीचा कायदा केंद्राचा आणि त्याची नियमावली पुन्हा राज्याची, अशी रचना झाली. चांदा जिल्हा १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. त्यामुळे या जिल्ह्याने नोंदणीच्या बाबतीत दोन वेगवेगळ्या प्रशासकीय परंपरा अनुभवल्या.

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ हा पुढील वर्षापासून अंमलात आला. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात नोंदणीचे काम ग्रामसेवकाकडे आले. मृत्यूची खबर पोलीस ठाण्यातून ग्रामपंचायतीत आली, हा बदल वरवर किरकोळ वाटला तरी मूलगामी होता. या कायद्यातील कलम १७ विशेष लक्षवेधी आहे. मृत्युनोंदीचा उतारा कोणासही मागता येईल, परंतु त्या उताऱ्यात मृत्यूच्या कारणाचा तपशील उघड करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मरण पावलेल्या माणसाच्याही आजाराला खाजगीपणा असतो, ही कल्पना भारतीय नोंदणी कायद्यात इतक्या स्पष्ट शब्दांत असावी, ही सामान्य गोष्ट नव्हे.

गावपातळीवर या तरतुदीचे मोल विशेष आहे. ज्या समाजात मृत्यूचे कारण म्हणून करणी किंवा जादूटोण्याचा संशय घेतला जाऊ शकतो, तेथे मृत्यूच्या कारणाचा कागद कोणाच्या हाती पडतो, यावर एखाद्या शेजारणीची सुरक्षितता अवलंबून असू शकते. महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, ही वस्तुस्थिती येथे स्मरणात ठेवावी लागते. मात्र कारण झाकून ठेवल्याने संशय संपत नाही. योग्य कारण कुटुंबाला समजावून सांगितल्यानेच तो संपतो. या दृष्टीने २०२३ च्या दुरुस्तीने रुग्णालयांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाकडे पाठवून त्याची प्रत जवळच्या नातेवाइकास देण्याची केलेली तरतूद स्वागतार्ह आहे. त्याच दुरुस्तीने जन्म-मृत्यूंचा राष्ट्रीय माहितीसाठा उभारण्याचीही तरतूद केली. ग्रामपंचायतीच्या कपाटातील नोंद देशव्यापी साठ्याचा भाग झाल्यावर कलम १७ मागील भावना टिकते काय, हे पाहणे पुढील काळाचे काम आहे.

५. रोगागणिक आलेली गोपनीयता

जिवंत रुग्णाच्या गोपनीयतेचा इतिहास अधिक खडतर आहे. १८९८ च्या कुष्ठरोगी कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना पकडून आश्रमात बंदिस्त करण्याचा अधिकार दिला होता. पूर्व विदर्भ हा कुष्ठरोगाच्या प्रादुर्भावाचा प्रदेश. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन उभारले. ज्यांचे नाव व रोग जगाने उघड करून त्यांना बाहेर काढले होते, त्यांना पुन्हा नाव व काम मिळवून देण्याचा तो प्रयत्न होता. त्या वेळी हा कायदा अस्तित्वात होता आणि पुढे २०१६ पर्यंत तो संहितेत राहिला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून व्यक्तिगत कायद्यांतून वगळले गेले ते २०१९ साली. औषध आधी आले आणि कायदा पुष्कळ नंतर सुधारला, असा हा क्रम आहे.

याच्या उलट उदाहरण १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याचे आहे. त्याखालील विनियमांनी प्रवेश नोंदवही हा गोपनीय दस्तऐवज ठरविला. रुग्णालयातील इतर कागदांवर स्त्रीचे नाव न लिहिता केवळ अनुक्रमांक लिहावा, असे सांगितले आणि शासनाकडे मात्र दरमहा संख्यात्मक माहिती पाठविण्यास सांगितले. नाव खाली ठेवून आकडा वर पाठविणे शक्य आहे, हे संगणकाच्या कितीतरी आधी साध्या कागदी पद्धतीने सिद्ध झाले होते. ही पद्धत इतर नोंदींना लागू करण्याचा विचार मात्र त्या काळी झाला नाही.

एचआयव्हीच्या साथीने हा प्रश्न न्यायालयात नेला. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील तरतुदीखाली फेब्रुवारी १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा यांना त्यांच्या रक्ताच्या तपासणीवरून ताब्यात घेण्यात आले आणि चौसष्ट दिवस एकांतात ठेवण्यात आले. राज्याचा आरोग्य कायदा एखाद्या निरोगी दिसणाऱ्या नागरिकाचे आयुष्य कसे उद्ध्वस्त करू शकतो, याचे हे देशातील ठळक उदाहरण ठरले. त्यांच्या आईने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने कायद्यातील विलगीकरणाची तरतूद ग्राह्य धरली. आठ वर्षांनंतर १९९७ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने वेगळी दिशा दाखविली. केवळ एचआयव्हीबाधित म्हणून काम नाकारलेल्या एका मजुराला न्यायालयाने दाद दिली. त्याला स्वतःचे खरे नाव न सांगता खटला चालविण्याची परवानगीही दिली. निवाड्याच्या शीर्षकात केवळ अक्षरे आहेत. न्यायाच्या दारात येतानाही रुग्णाला नाव झाकता आले पाहिजे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

१९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाची गोपनीयता निरपवाद नसल्याचे सांगितले. दुसऱ्या व्यक्तीच्या जिवाला प्रत्यक्ष धोका असल्यास ती बाजूला सारता येते, असा त्याचा आशय होता. २००२ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेत हाच समतोल आला. न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीस वा समाजास असलेला गंभीर धोका आणि अधिसूचित रोग, एवढेच अपवाद तिने मान्य केले. पुढे २०१७ मध्ये एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायदा झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. संमतीशिवाय माहिती उघड न करणे, नोंदींच्या संरक्षणाची व्यवस्था करणे आणि जोडीदारास माहिती दिल्याने स्त्रीवर हिंसा होण्याची वाजवी भीती असल्यास ती न देणे, अशा तरतुदी त्यात आहेत. एका रोगापुरता का होईना, गोपनीयतेचा परिपूर्ण म्हणावा असा कायदा येण्यास सुमारे तीन दशके लागली.

६. झाकलेला आकडा : गडचिरोलीचा अनुभव

आतापर्यंत नावाचा विचार झाला. आता आकड्याकडे वळू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. काही वर्षांतच डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी येथे ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक मार्गाचे आजार आढळले. त्यांपैकी पूर्वी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या.

या अभ्यासाचा आपल्या विषयाशी संबंध असा की, हे आजार कोणत्याही शासकीय नोंदवहीत नव्हते. अधिसूचित रोगांची यादी ही राज्यसत्तेला ज्या रोगांची भीती वाटते त्यांची यादी असते. लोक जे रोग सोसतात त्यांची ती नसते. प्लेग, पटकी, देवी यांच्या नोंदीची सक्ती शंभर वर्षे चालली. अंगावरून पांढरे जाण्याचा त्रास सोसणाऱ्या स्त्रियांची मात्र गणतीही झाली नाही. शिवाय ही माहिती कायद्याच्या सक्तीने मिळाली नाही. स्त्रियांनी विश्वासाने सांगितले म्हणून ती मिळाली. विश्वासाचा आधार गोपनीयता असतो. म्हणजेच गोपनीयता ही आकडेवारीच्या आड येत नाही, उलट खरी आकडेवारी तिच्यामुळेच हाती लागते.

बालमृत्यूंच्या बाबतीत आकडा झाकण्याचे स्वरूप अधिक गंभीर होते. नाव ठेवण्यापूर्वीच मरण पावलेल्या अर्भकाचा जन्मही नोंदला जात नसे आणि मृत्यूही. घरोघरच्या स्वतंत्र नोंदींच्या आधारे ‘सर्च’ने नवजात अर्भकांच्या घरगुती देखभालीचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ३९ प्रयोगगावांत नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला, तर तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो घटला नाही. मृत्यू मोजले म्हणूनच ते कमी करता आले आणि कमी झाल्याचे दाखविताही आले. पुढे राज्यातील तेरा स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन केलेल्या पाहणीचा अहवाल ‘कोवळी पानगळ’ या नावाने पुढे आला. महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होत असावेत, असा त्याचा अंदाज होता. शासकीय नोंदींतून हे चित्र दिसत नव्हते. या वादानंतर राज्य शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

येथे एक विसंगती ठळकपणे दिसते. ज्या व्यवस्थेने कुष्ठरुग्णाचे किंवा एचआयव्हीबाधिताचे नाव उघड होण्याची फिकीर केली नाही, त्याच व्यवस्थेत मृत बालकांचा आकडा मात्र वर पोहोचत नव्हता. यामागे दर वेळी हेतू असेलच असे नाही. मृत्यू कळविणाऱ्या खालच्या कर्मचाऱ्यालाच त्याचा जाब विचारला जातो, म्हणून तो मृत्यू कळवीत नाही. १८९७ मध्ये रुग्णाचे कुटुंब रुग्ण लपवीत होते. पुढच्या काळात आकडा लपविण्याचे कारण व्यवस्थेच्या आतच निर्माण झाले. शिक्षेच्या भीतीने माहिती आटते, हा नियम दोन्हीकडे सारखाच लागू पडला.

७. लहान गाव आणि आजचे प्रश्न

गोपनीयतेचे बहुतेक कायदे शहरातील अनोळखी गर्दी गृहीत धरतात. नाव काढून टाकले की व्यक्ती ओळखू येत नाही, असे त्यांना वाटते. पन्नास घरांच्या टोल्यावर हे गृहीतक कोसळते. वय, जात, गाव आणि प्रसूतीचा महिना एवढे सांगितले की नाव सांगण्याची गरज उरत नाही. शिवाय गोंडी किंवा बंगाली बोलणाऱ्या रुग्णाला डॉक्टरांशी बोलण्यासाठी पुष्कळदा दुभाष्या लागतो. तो दुभाष्या शेजारी किंवा दीर असतो. कायद्याने डॉक्टरला बांधले, परंतु दुभाष्याला बांधले नाही. आशा स्वयंसेविका ही तर गावचीच सून असते. तिची जवळीक हेच तिचे बळ आहे आणि तोच गोपनीयतेचा नाजूक सांधाही आहे.

क्षयरोगाच्या बाबतीत मे २०१२ पासून प्रत्येक रुग्णाची माहिती कळविणे खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले आणि मार्च २०१८ च्या अधिसूचनेने त्याला दंडात्मक तरतुदींची जोड दिली. त्याच वर्षी रुग्णाला पोषणासाठी थेट बँक खात्यात रक्कम देण्याची योजना सुरू झाली. नोंदीच्या बदल्यात रुग्णाला काही मिळू लागले, हा कोतवालाच्या काळापासूनच्या इतिहासातील महत्त्वाचा बदल होय. मात्र लाभासाठी नाव, खाते व ओळखक्रमांक जोडला गेला की रुग्णाची माहिती अनेक टेबलांवरून फिरते.

या परिसरात सर्वांत निकडीचा प्रश्न सिकलसेलचा आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात २०४७ पर्यंत हा आजार संपविण्याचे ध्येय असून आदिवासीबहुल भागांतील सात कोटी लोकांची तपासणी अपेक्षित आहे. तपासणीनंतर व्यक्तीला तिची जनुकीय स्थिती सांगणारे कार्ड दिले जाते आणि विवाह ठरविताना त्याचा उपयोग व्हावा, असा हेतू असतो. हेतू हितकारकच आहे. परंतु सिकलसेलचा वाहक हा आजारी नसतो. दोन वाहकांच्या विवाहातून प्रत्येक गर्भधारणेत बाधित अपत्याची शक्यता एकचतुर्थांश असते. एक वाहक व एक निरोगी व्यक्ती यांच्या विवाहात मात्र आजाराचे अपत्य जन्मत नाही. हे समजावून न सांगता केवळ कार्ड मागितले गेले, तर वाहक मुलीचा विवाह अकारण मोडेल आणि पुढची कुटुंबे तपासणीच टाळतील. एचआयव्हीसाठी जे संरक्षण कायद्याने दिले, तशी स्वतंत्र तरतूद सिकलसेलच्या जनुकीय माहितीसाठी नाही.

कळविण्याचे आणि गुप्त राखण्याचे कर्तव्य समोरासमोर येते असा आणखी एक प्रसंग अल्पवयीन मुलीच्या गरोदरपणाचा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने माहिती कळविणे सक्तीचे केले, तर गर्भपात कायदा तिचे नाव गुप्त राखण्यास सांगतो. पोलिसांच्या भीतीने मुलगी रुग्णालयात येण्याचेच टाळते. २९ सप्टेंबर २०२२ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने या दोहोंचा मेळ घातला. मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास घटना कळविताना डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही, असे न्यायालयाने म्हटले. पन्नास वर्षांपूर्वीच्या अनुक्रमांकाच्या नोंदवहीतील शहाणपणच येथे नव्या रूपात अवतरले.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) माहिती कळविण्याचे कायदे राज्याच्या गरजेतून एकदम आले, तर गोपनीयतेचे कायदे पीडित व्यक्तींच्या संघर्षातून रोगागणिक आले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी मान्य केले आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा सर्वसाधारण कायदा संमत झाला. तथापि आरोग्यनोंदींच्या गावपातळीवरील व्यवहाराला त्यांतील तत्त्वे नियमांच्या रूपाने पोहोचावयास हवीत.

(२) नाव रुग्णाचे असते आणि आकडा समाजाचा असतो. इतिहासात या दोहोंची अदलाबदल झाली. आकडा निर्भयपणे कळविता यावा यासाठी मृत्यू कळविणाऱ्या कर्मचाऱ्याला दोषी न धरण्याची हमी आवश्यक आहे.

(३) लहान वस्तीत नाव वगळणे पुरेसे नाही. गावनिहाय तक्ते प्रसिद्ध करताना अल्पसंख्येचे रकाने एकत्र करणे, दुभाष्या व आशा यांना गोपनीयतेचे प्रशिक्षण देणे आणि सिकलसेलच्या माहितीला एचआयव्ही कायद्याच्या धर्तीवर संरक्षण देणे या दिशेने राज्याने विचार करावा.

(४) हा प्रश्न महाविद्यालयांचाही आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, पर्यावरण व समाजशास्त्राचे प्रकल्प, पदव्युत्तर लघुप्रबंध यांच्या निमित्ताने आपले विद्यार्थी खेड्यांत जाऊन आजारांची माहिती गोळा करतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमती व गोपनीयता ही अशा संशोधनाची पूर्वअट आहे. भरलेल्या प्रश्नावल्या प्रकल्प संपल्यावर कोणत्या कपाटात जातात, त्या कपाटाला कुलूप असते काय, हे प्रत्येक मार्गदर्शक प्राध्यापकाने तपासावे. ज्या गावाने आपल्याला आपले दुखणे सांगितले, त्या गावाला निष्कर्ष परत सांगणे आणि त्यातील माणसाचे नाव मात्र न सांगणे, एवढे पथ्य पाळले गेले तरी कोतवालाच्या खबरीपासून सुरू झालेल्या या इतिहासाला योग्य वळण लागेल.